साहेबांच्या अंगाला ओट्स

आमच्या घरात साहेब म्हणजे कुत्रा. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर "साहेबांनी गालिच्यावर घाण केली" असं पुढे आलं की लोकांना उगाच माझ्या नवऱ्याबद्दल शंका यायची. नवऱ्याला घरात कोणी साहेब म्हणत नाही. तो ट्रॅफिक सिग्नल दुरुस्त करणाऱ्या खात्यात आहे, आणि नोकरीचा परिणाम म्हणा, त्याच्या तोंडून कधी हिरवा निघत नाही की लाल निघत नाही. कायम पिवळा. "बघू." "थांबू जरा." "अंदाज घेऊ."

साहेब नऊ वर्षांचे. रंग शंभरदा धुतलेल्या ब्लँकेटचा, एक कान उभा, दुसरा रजेवर. घराची राखण हे त्यांचं काम. पण कुकरची शिट्टी झाली की ते पलंगाखाली जातात, आणि दुसऱ्या शिट्टीला माझ्या सासऱ्यांकडे असं बघतात की तुम्हीही या, आत जागा आहे.

सासरे, म्हणजे बाबा, चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत होते. ते निवृत्त झाले, जगातल्या चुका झाल्या नाहीत. सासूबाई गेल्या त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून बाबांनी माणसांशी बोलणं जवळजवळ बंदच केलंय. माणसं बोलताना चुकतात आणि दुरुस्त केलं की रुसतात. साहेब चुकत नाहीत आणि रुसतही नाहीत. रोज सकाळी बाबा बाल्कनीत पेपर उघडतात, लाल पेन काढतात आणि साहेबांना एकेक चूक वाचून दाखवतात.

"हे बघ. 'पाणीपुरवठा सुरळित.' ळि ऱ्हस्व. पाणी कुठून येणार?"

साहेब मान डोलावतात. त्या मान डोलावण्यावर आमचं घर उभं आहे. साहेब गेले तर त्या चुका मला ऐकाव्या लागतील, म्हणून मला साहेब हवेत. इतकंच. प्रेमबिम म्हणाल तर मी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं तोलते, मला त्यातलं काही कळत नाही.

तर हवा कोरडी झाली आणि साहेब खाजवायला लागले. आधी कान, मग पोट, मग शेपटीच्या मुळाशी केस गेले आणि कोंडा पडायला लागला. घरात खाजवले असते तर प्रश्न नव्हता, पण साहेबांना खाज यायची ती लिफ्टमध्ये. आणि एक दिवस त्या लिफ्टमध्ये आमच्या इमारतीचे चिटणीस होते. ते आमच्या बरोबर खाली, दुसऱ्या मजल्यावर राहतात. फाइलशिवाय ते कचरा टाकायलाही जात नाहीत. साहेबांनी पाय उचलून खाजवलं, चिटणिसांनी कोपर खाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दारावर नोटीस.

"तिसऱ्या मजल्यावरील श्वानास त्वचेचा विकार असून त्यामुळे रहिवाश्यांत खाज पसरत आहे. पंधरा दिवसांत डॉक्टरांचे प्रमाणपत्र सादर न केल्यास सदर श्वानास इमारतीतून हालविण्यात येईल."

सून म्हणून माझं कर्तव्य होतं की ती नोटीस बाबांच्या आधी मी बघावी. मला उशीर झाला. मी पोचले तेव्हा नोटिशीवर लाल शाईत 'रहिवाश्यांत'चं 'रहिवाशांत' झालं होतं, 'हालविण्यात'चं 'हलविण्यात' झालं होतं, आणि समासात लिहिलं होतं: 'खाज पसरते याला आधार काय?'

दुसऱ्या दिवशी नवी नोटीस लागली. तिच्यात एकही चूक नव्हती. फक्त पंधराचे बारा दिवस झाले होते.

हलवायचं म्हटलं तर जागा एकच होती. माझ्या चुलत दिरांचं फरश्यांचं गोदाम शहराबाहेर आहे. त्यांना फोन केला तर ते म्हणाले, "पाठवून द्या की. राखणीला ठेवू. बाहेर साखळी आहेच." ज्या कुत्र्याला कुकर भारी पडतो, तो फरश्यांचे ट्रक सांभाळणार. नवरा म्हणाला, "बघू." बाबांनी त्या सकाळी पेपरची घडीसुद्धा मोडली नाही. साहेब बाल्कनीत जाऊन बसले, वाट बघून परत आले, आणि माझ्याकडे बघायला लागले. मी ऑफिसात रजा टाकली.

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भिंतीवर तक्ता होता, कुत्र्यांना काय देऊ नये: चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका. नंबर येईपर्यंत बाबांनी तो दोनदा वाचला आणि 'द्राक्ष्ये'वर नखाने खूण केली. डॉक्टर कमी बोलणारे. त्यांनी साहेबांचं पोट बघितलं, दात बघितले, शेपूट उचलून बघितली. साहेबांना ते आवडलं नाही, पण समोर डॉक्टर आहे म्हणून गप्प बसले.

"कोरडी त्वचा," डॉक्टर म्हणाले. "पसरणारं काही नाही. खायला काय देता?"

"बिस्किटं," बाबा म्हणाले. "पेपरबरोबर."

"किती?"

"पेपरवर अवलंबून आहे."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. बाकीच्या डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. यांचं लागलं, तिथेच घोटाळा झाला. स्वच्छ, गोल, शाळेच्या फळ्यावर शोभेल अशा अक्षरात त्यांनी लिहिलं:

"ओट्स. दिवसातून दोनदा. मऊ, कोमट. साखर, मीठ, दूध नको. अंगाला लागले पाहिजेत. दहा दिवसांनी दाखवा."

आणि दुसऱ्या दिवशी ते कुठल्याशा डोंगराळ भागात गुरांना लसी टोचायला निघून गेले, दहा दिवस. तिथे फोन लागत नाही.

संध्याकाळी माझी नणंद आली. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईंचं ब्यूटी पार्लर आहे. ओट्सचा विषय निघाल्यावर त्यांना बोलवावं लागत नाही, त्या येतात. गेली बारा वर्षं त्या लोकांच्या तोंडाला ओट्स फासतायत. ही खायची वस्तू आहे, असं त्यांना अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी कागद वाचला आणि पर्समधून ब्रश काढला.

"एकदम बरोबर लिहिलंय डॉक्टरांनी. अंगाला लावायचे."

"लावायचे नाही," बाबा म्हणाले. "लागले पाहिजेत, असं आहे."

"तेच ना."

"तेच कसं? लावायचे असते तर 'लावावेत' लिहिलं असतं. खाल्लेलं अंगाला लागतं. तू लहानपणी किती खायचीस, अंगाला काही लागायचं नाही."

"म्हणून तर मी लावायला शिकले," ताई म्हणाल्या. "आणि बाबा, अंगाला लागायचं तर ते अंगाला लावायला नको? पोटात घालून अंगाला कसं लागेल?"

"मग साखर, मीठ, दूध नको असं का लिहिलंय?" मी विचारलं. मला वाटलं, मी फार मोठा मुद्दा काढला.

"अगं, साखर लावली तर मुंग्या येतील. मीठ लावलं तर झोंबेल. आणि दूध लावलं तर वास मारेल. तुला स्किनचं काही कळतच नाही, तुझ्या हातांवरूनच दिसतं." हे मधल्यामध्ये माझ्या हातांवर आलं.

मी दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने उचलला.

"ते ओट्स खायला द्यायचे की लावायचे?"

"लिहिलंय तसं करा."

"म्हणजे कसं?"

"म्हणजे लिहिलंय तसं."

शेवटी नवरा उठला. सिग्नल बंद पडला की दोन्ही हात वर करून चौकात उभं राहायची त्याला सवय आहे. "असं करू. सकाळी खायला, संध्याकाळी लावायला." लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याने घेतलेला हा पहिला निर्णय. तोही दोन्हीकडची वाहतूक एकदम सोडण्याचा.

ओट्स आणायला त्यालाच पाठवलं. तो डबा घेऊन आला: मध, बदाम आणि मनुकायुक्त. "यात व्हिटॅमिन जास्त आहेत," तो म्हणाला. बाबांनी भिंग काढलं आणि पाऊण तास डबा वाचला. दोन ठिकाणी वेलांट्या चुकल्या होत्या आणि घटकांमध्ये, सगळ्यात बारीक अक्षरात, मनुका होत्याच. "हे कुत्र्याला विष आहे," बाबा म्हणाले आणि डबा मुलाच्या हातात ठेवला. "हे तू खा." नवरा अजून खातोय. त्याच्या अंगाला काही लागलेलं दिसत नाही.

मग साधे आणले. सकाळी मी ते पाण्यात मऊ शिजवले, कोमट केले, वाटी साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी वास घेतला आणि बाबांकडे बघितलं. बिस्किटांच्या जागी हे आहे हे त्यांच्या लक्षात आलं होतं. बाबा गुडघे धरत धरत खाली बसले आणि त्यांनी पेपर उघडला. दोन दिवसांनी उघडला.

"'आगित दुकान खाक.' गि ऱ्हस्व," बाबा म्हणाले आणि एक चमचा पुढे केला. साहेबांनी खाल्ला.

"'महापौरांच्या हस्थे.' हस्थे." दुसरा चमचा.

त्या दिवशी पेपर गचाळ निघाला होता, त्यामुळे वाटी संपली. तिसऱ्या दिवशी मात्र कोणीतरी नीट वाचून छापला होता. चारच चुका. साहेब अर्धपोटी बसले. बाबांना शेवटी शंकास्पद स्वल्पविराम मोजावे लागले, आणि सत्याला सोडून त्यांनी एक अनुस्वारही चूक धरला. ते त्यांना फार लागलं. दिवसभर म्हणत होते, "तो अनुस्वार बरोबर होता, सूनबाई."

संध्याकाळ ताईंची. पहिल्या दिवशी त्यांनी ओट्स दळून घट्ट पॅक केला, साहेबांना टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि ब्रशने मानेपासून शेपटीपर्यंत माखून काढलं. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या. साहेबांनी चकत्या खाल्ल्या. परत ठेवल्या, परत खाल्ल्या.

"वीस मिनिटं हलायचं नाही," ताई त्यांना म्हणाल्या. "चेहरा सैल सोड. कुठलाही विचार मनात आणू नकोस."

पाचव्या मिनिटाला खालच्या कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. साहेब टॉवेलसकट पलंगाखाली गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगाला ओट्स होते, पलंगाखालची धूळ होती, एक मोजा होता, आणि चार महिन्यांपूर्वी हरवलेली माझी केसांची क्लिप. मोजा निघाला, क्लिप निघाली. पण तोवर पॅक वाळला होता. ताई म्हणाल्या, वाळला की आपोआप गळतो. तो चेहऱ्यावरून गळतो. केसांतून तो गळत नाही, तो घराचं प्लास्टर होतो. साहेब दोन दिवस पांढरे आणि ताठ फिरत होते. बसताना करकर आवाज यायचा.

अशा वेळी चिटणीस पाहणीला आले. फाइल घेऊन, दारातच उभे.

"हे काय झालंय याला?"

नवरा म्हणाला, "सुधारणा आहे."

चिटणिसांनी फाइलमध्ये लिहिलं: 'विकार बळावला.' आणि आमच्या दारात उभं राहून स्वतःचं कोपर खाजवलं. मी मुद्दाम बघितलं, कोपरावर बारीक पुरळ होती. ती साहेबांच्या आधीपासून होती हे सगळ्या इमारतीला माहीत आहे, पण इमारतीला माहीत असलेलं फाइलमध्ये जात नाही.

मग ताईंनी रोज पॅक लावून, तो ओला असतानाच धुवायचा असं ठरवलं. धुतलेलं कुठे जातं, याचा विचार ताईंनी केला नाही. पार्लरमध्ये तो विचार करायला वेगळी बाई आहे. ओट्स पाण्यात फुगतात. मोरीत गेलेले ओट्स पाइपात जाऊन शांतपणे फुगत होते.

नोटिशीच्या सातव्या दिवशी चिटणीस आंघोळ करत होते. साबण लावलेला, डोळे मिटलेले. त्यांच्या मोरीच्या जाळीतून आधी बुडबुडे आले, मग कोमट खीर यावी तसं काहीतरी वर आलं, आणि घोट्यापर्यंत चढलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी आतूनच बायकोला हाक मारून फाइल मागितली, असं त्यांच्या बायकोनेच मला नंतर सांगितलं.

प्लंबर आला. आमच्या बाथरूममध्ये पालथा पडून त्याने हात घातला, आणि बराच वेळ नुसता ओढत राहिला. पाइपाच्या आकाराचा, हातभर लांब, गुळगुळीत ओट्सचा दांडका निघाला. त्याने तो उजेडाकडे धरून बघितला.

"बाई, पाइपात कोण जेवतं तुमच्याकडे?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"नाही, पण पाइपाच्या अंगाला चांगलं लागलंय."

बाबा बाल्कनीतून आत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणा परक्या माणसाशी स्वतःहून बोलायला. "काय म्हणालात? परत म्हणा."

"म्हटलं, अंगाला लागलंय पाइपाच्या. गुटगुटीत झालाय."

"ऐकलंस?" बाबा ताईंना म्हणाले. "प्लंबरला कळतं."

ताई दोन दिवस फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा घेऊन. त्यात ओट्स बांधले, पुरचुंडी कोमट पाण्यात पिळली, आणि ते दुधाळ पाणी तांब्या तांब्याने साहेबांवर घातलं. पाणी खाली गेलं, ओट्स फडक्यात राहिले. "हे आधीच का नाही केलंत?" मी विचारलं. "आधी माझा स्वतःवर विश्वास होता," ताई म्हणाल्या. एवढं खरं बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आणि मानायला जड गेलं तरी सांगते, साहेबांची खाज थांबली. कोंडा गेला. शेपटीच्या मुळाशी बारीक लव आली. खाल्ल्यामुळे की लावल्यामुळे, कोण जाणे. कारण ताईंनी जे लावलं, त्यातलं निम्मं साहेबांनी चाटून खाल्लं होतं, आणि बाबांनी जे भरवलं, त्यातलं निम्मं त्यांच्या हनुवटीवरून छातीला लागलं होतं. शिवाय नवरा येता-जाता, दोन्ही पक्षांना न सांगता, तिसरी वाटी ठेवत होता. मी ऑफिसातला लटकवायचा काटा घरी आणून साहेबांना चादरीच्या झोळीत तोललं. आठ दिवसांत पावणेदोन किलो वाढले होते. पार्सल असतं तर वरच्या दरात गेलं असतं.

अकराव्या दिवशी डॉक्टर परतले. त्यांनी पोट बघितलं, शेपूट उचलली, काट्यावर उभं केलं.

"त्वचा छान. वजन जरा जास्तच झालंय. कमी करा आता."

बाबांनी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. "एक विचारायचं होतं. हे खायला होतं की लावायला?"

डॉक्टरांनी स्वतःचं अक्षर वाचलं. परत वाचलं. "अंगाला लागले पाहिजेत," ते म्हणाले. "बरोबर आहे की."

"पण कसे?"

"तुम्ही काय केलंत?"

"दोन्ही."

"मग लागले ना?" डॉक्टर म्हणाले आणि प्रमाणपत्र लिहायला घेतलं. गोल, स्वच्छ अक्षरात: "सदर श्वानाची त्वचा निरोगी आहे. संसर्ग नाही. ओट्स अंगाला लागले आहेत."

बाहेर आल्यावर बाबा फुटपाथवर थांबले. "शेवटचं वाक्य नको होतं."

"मग खोडा ना. पेन आहे तुमच्याकडे."

"दुसऱ्याच्या लेखनातली चूक काढायची असते, सूनबाई. वाक्य काढायचं नसतं. चाळीस वर्षांत काढलं नाही." आणि साहेबांना घेऊन चालायला लागले. हे असं तत्त्वाचं माणूस घरात असलं की कुत्रा गोदामात जातो.

बाराव्या दिवशी पार्किंगमध्ये सभा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंधरा-सोळा माणसं. साहेब बाबांच्या पायाशी पसरलेले. चिटणिसांनी प्रमाणपत्र उभं राहून वाचलं आणि शेवटच्या वाक्यावर थांबले. मला ते थांबणं आवडलं नाही.

"'लागले आहेत,'" ते म्हणाले. "म्हणजे या कुत्र्याच्या अंगाला काहीतरी लागलेलं आहे. लागण आहे ही. वर लिहिलंय संसर्ग नाही, खाली लिहिलंय लागले आहेत. अशा कागदावर आपण आपल्या कुटुंबांचं आरोग्य सोडायचं का? मत घेऊ."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. 'लागण' हा शब्द वाईटच. पुढच्या रांगेतल्या दोघांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. नवरा उठला, "बघू," म्हणाला आणि बसला. मी मनातल्या मनात चुलत दिरांची साखळी बघत होते.

मग बाबा उभे राहिले.

"लागणे," बाबा म्हणाले. "क्रियापद. अर्थ पुष्कळ आहेत. क्रमाने घेऊ."

बऱ्याच जणांना बाबांचा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं.

"भूक लागते. ती कोणी आणून लावत नाही, आपली आपण लागते. डोळा लागतो, तेव्हा डोळ्याला काही चिकटलेलं नसतं. गाडी लागते. ती फलाटाला लागते आणि पोटातही लागते, दोन्ही वेळा तिने आपल्याला धडक दिलेली नसते. निकाल लागतो. नोकरी लागते. आता काहींची लावलेली असते, पण ते मी इथे काढत नाही."

चिटणिसांनी फाइल मिटली.

"काका, आलं लक्षात," मागून कोणीतरी म्हणालं.

"नाही आलं. लक्षात आलं असतं तर चिटणीस 'लागण' म्हणाले नसते. लागण हे नाम. ते रोगाचं. इथे नाम नाही, क्रियापद आहे, आणि त्याचा कर्ता ओट्स आहे. ओट्स हा रोग नाही. आता नाद लागणे."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. बाबा बोलत होते. दोन वर्षांचं साठलेलं सगळं त्या एका क्रियापदातून बाहेर पडत होतं. ठेच लागली, दार लागलं, पैज लागली, वेड लागलं. मधे कोणी उठायला लागलं की बाबा त्याच्याकडे बघून उदाहरण द्यायचे, मग त्याला बसावं लागायचं. साहेब प्रत्येक अर्थाला मान डोलावत होते. नवऱ्याला खरंच डोळा लागला.

विसाव्या मिनिटाला चौथ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. "अहो, माझं दूध गॅसवर आहे. लागलं असेल आतापर्यंत."

"हा माझ्याकडून राहिला होता," बाबा म्हणाले. "दूध लागणे, म्हणजे तळाला करपणे. आभारी आहे."

काकू चिटणिसांकडे वळल्या. "तो कुत्रा राहू द्या. पण यांना कोणीतरी बसवा."

इतकं एकमत आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा झालं नव्हतं. चिटणीसही थकले होते, पण मोकळ्या हाताने घरी जाणाऱ्यांतले ते नाहीत. "श्वान राहील," ते म्हणाले, "मात्र यापुढे त्यास लिफ्टमध्ये आणू नये. मान्य असणाऱ्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर गेले. बाबांचाही गेला. त्यांना खरं तर 'आणू नये'बद्दल काहीतरी बोलायचं होतं, पण चिटणिसांनी तोही हात मोजला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

अशा तऱ्हेने साहेब राहिले आणि बाबांच्या वाट्याला जिना आला. सकाळ-संध्याकाळ तीन मजले. बाबांचे गुडघे पूर्वीचेच आहेत, आणि साहेब आता सोळा किलोंच्या आसपास. उतरताना ठीक चालतं. चढताना साहेब दोन मजले चढतात आणि दुसऱ्या मजल्यावर, नेमके चिटणिसांच्या दारासमोर, चारी पाय ताणून आडवे होतात. मग उठत नाहीत. बाबांना ते उचलवत नाहीत, म्हणून बाबाही शेजारच्या पायरीवर बसतात, पेपर काढतात. येणारे-जाणारे ओलांडून जातात आणि जाता जाता एखादी चूक ऐकून जातात. चौथ्या मजल्यावरच्या काकू तर परवा थांबून 'ऋषीतुल्य' बरोबर की चूक यावर भांडल्याही.

काल मी ऑफिसला निघाले होते. दुसऱ्या मजल्यावर आवाज आला म्हणून वाकून बघितलं. चिटणिसांचं दार उघडं होतं, चिटणीस आत उंबऱ्यावर, बगलेत फाइल, बूट घातलेले. समोर साहेब, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"काका, याला उठवा जरा. मला उशीर होतोय."

"उठत नाही तो. थकलाय."

"मग लिफ्टने आणत जा ना त्याला."

"ठराव आहे," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"ठराव मीच मांडलाय. मीच सांगतोय, आणत जा."

"तोंडी नको," बाबा म्हणाले. "सभा बोलवा. मी बोलेन."

चिटणिसांनी फाइल दुसऱ्या बगलेत घेतली, भिंतीला हात टेकला, आणि साहेबांच्या पोटावरून पाय न्यावा की शेपटीवरून, याचा अंदाज घ्यायला लागले. मी लिफ्टचं बटण दाबलं. ती लगेच आली.